फ्रेममागचे पान : क्रिकेटच्या जुन्या वस्तूंच्या एका उक्त्या खरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दादरमधील एका जुन्या इमारतीत सुरू झाले. इमारत पुनर्विकासाला गेली होती, रहिवाशांना घरे रिकामी करण्यासाठी दोन महिन्यांची मुदत मिळाली होती, आणि अशा वेळी मुंबईत घरोघरी जे घडते तेच या घरातही घडत होते. पन्नास-साठ वर्षे माळ्यावर पडून असलेले सामान खाली येत होते आणि त्यातले काय न्यायचे, काय रद्दीत घालायचे, याचा निकाल एकेका दुपारी घाईघाईने लागत होता. घरातील बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांचा उल्लेख येथे काकू असाच करतो, कारण खरेदीदारही त्यांना तसेच म्हणत असे.

काकूंचे वडील एका कापड गिरणीच्या कचेरीत नोकरीला होते आणि सुमारे तीस वर्षे मैदानावरच्या एका क्लबाचे गुणलेखक होते. तो क्लब आजही अस्तित्वात आहे. मुंबईच्या क्रिकेटमध्ये गुणलेखक हा मोठा विलक्षण माणूस असतो. पुरुषोत्तम शील्डचा सामना असो, की १९४८ पासून भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी कांगा लीग असो, तंबूत सर्वांत आधी येणारा आणि सर्वांत शेवटी निघणारा माणूस तोच. खेळाडू बदलतात, कप्तान बदलतात, हा मात्र मेजापाशी पेन्सिल घेऊन बसलेलाच असतो. त्यामुळे प्रवेशपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, ग्रुप फोटो, कोणीतरी देऊन टाकलेली बॅट असे सर्व काही हळूहळू त्याच्या घरी येऊन साचते. त्याची मोजदाद कोणी केलेली नसते, आणि त्यातले स्वतःचे कोणते व क्लबाचे कोणते, हा प्रश्नही तो हयात असेपर्यंत कोणी विचारत नाही.

खरेदीदार पुण्याचा, चाळिशीतला, व्यवसायाने अभियंता. दहा-बारा वर्षांपासून क्रिकेटच्या जुन्या वस्तू जमवतो. त्याची बहुतेक खरेदी जुन्या बाजारात किंवा ओळखीपाळखीतून होते. तो विक्रेता नव्हे, पण जास्तीच्या वस्तू विकून पुढच्या खरेदीचे पैसे उभे करतो. या व्यवहारात मी तिऱ्हाईत होतो. जुने कागद सांभाळण्याचा मला थोडाफार अनुभव असल्याने त्याने मला मध्यंतरी बोलावले आणि पुढचे बरेचसे माझ्यासमोर घडले. दोन्ही बाजूंच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, ते येथे मांडले आहे.

व्यवहार कसा ठरला

जून २०२४ मध्ये, एका रविवारी दुपारी, खरेदीदार दादरला गेला. पत्र्याची एक मोठी ट्रंक, भिंतीवरून उतरवून ठेवलेल्या सात फ्रेमी, दोन बॅटी आणि जुन्या क्रीडा मासिकांचे गठ्ठे असा सारा ऐवज होता. ट्रंकेतील वरचे दोन थर त्याने पाहिले. पन्नासच्या दशकातील काही कार्यक्रमपत्रिका, ब्रेबॉर्न स्टेडियमवरील फेब्रुवारी १९४९ च्या कसोटीची पॅव्हिलियनची एक प्रवेशपत्रिका आणि बरीच कात्रणे एवढे पाहून त्याने मनाशी साठ-पासष्ट हजारांचा अंदाज बांधला. खालचे थर त्याने उपसले नाहीत. त्याचे कारण त्याने नंतर प्रामाणिकपणे सांगितले : फार खोलात शिरलो तर काकू विचारात पडतील आणि आणखी कोणाला तरी दाखवतील, अशी त्याला धास्ती होती.

काकूंनाही घाई होतीच. ‘अहो, बाबांचं ते सगळं तुम्हीच न्या. रद्दीवाल्याला द्यायला जीव होत नाही, आणि भाड्याच्या घरात ठेवायला जागा नाही,’ असे त्या म्हणाल्या. बेचाळीस हजारांवर व्यवहार ठरला. वहीच्या पानावर एका ओळीची पावती झाली : ‘वडिलांचे क्रिकेटचे सर्व सामान ट्रंकेसह उक्ते विकले, रुपये ४२,०००.’ खाली काकूंची एकटीची सही. वस्तूंची यादी केली गेली नाही, आणि वडिलांच्या मागे आणखी कोण वारस आहेत हे विचारलेही गेले नाही. पुढे जे जे अडले त्याची मुळे या एका ओळीत आहेत.

काय काय निघाले

पहिली अनपेक्षित वस्तू त्याच रात्री निघाली. मासिकांच्या एका गठ्ठ्यात खाकी पाकीट होते आणि पाकिटात वडिलांच्या नावाचे टपाल खात्याचे जुने पासबुक व एका कंपनीची कागदी भागपत्रे (शेअर सर्टिफिकेटे) होती. खरेदीदाराने सकाळी फोन केला आणि शनिवारी जाऊन ती काकूंच्या हातात दिली. येथे विचार करण्यासारखे काहीच नव्हते. भागपत्राचा कागद कोणाच्याही हाती पडला तरी भाग नोंदणीकृत धारकाचे आणि त्याच्या पश्चात वारसांचेच राहतात. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल तर असे भाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात आणि वारसांना कागदपत्रे देऊन ते परत मागता येतात, एवढी माहितीही त्याने काकूंना दिली.

दुसरी वस्तू ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या थराखाली होती. ते कापडी पुठ्ठ्याच्या बांधणीचे, चाळीसच्या दशकातील सामन्यांचे स्कोअरबुक होते. पहिल्या पानावर क्लबाचा तांबडा लंबगोल शिक्का होता. आतले हस्ताक्षर एकच, बारीक, टोकदार पेन्सिलीने लिहिलेले. निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून काढलेले इंग्रजी ‘एम’ पानोपानी एकाच उंचीचे. पावसाने खेळ थांबला तेथे समासात वेळ मिनिटांसह लिहिलेली होती, आणि दोन ठिकाणी पंचांच्या निर्णयापुढे अतिशय लहान अक्षरात प्रश्नचिन्ह काढलेले होते. गुणलेखकाने स्वतःचे मत नोंदवण्याची एवढीच मुभा घेतली होती. पुढे कसोटी खेळलेल्या दोघांची नावे त्यात कोवळ्या वयातली, शून्य आणि चार अशा धावांसह सापडली.

तिसरी वस्तू मात्र खरेदीदाराने शोधली नव्हती, ती त्याच्या अंगावर आली. सात फ्रेमींपैकी एकीत क्लबाचा पन्नासच्या सुमाराचा ग्रुप फोटो होता. त्याची काच तडकलेली होती. नागपूरच्या एका संग्राहकाने तो फोटो साडेतीन हजारांना मागितला आणि कुरियरने काच पाठवणे शक्य नसल्याने खरेदीदाराने फ्रेम उघडली. मागचा पुठ्ठा काढताच फोटो आणि पुठ्ठा यांच्यामध्ये घडी न घातलेले, फिकट गुलाबी रंगाचे ऑटोग्राफ बुकातील एक पान दिसले. त्यावर चौदा सह्या होत्या. पानाचा एक कोपरा खळीने पुठ्ठ्याला चिकटलेला होता. तो त्याने नखाने सोडवू पाहिला आणि कोपरा फाटला. कोपऱ्यावरील सहीची शेवटची दोन अक्षरे पुठ्ठ्यावरच राहिली. सही वेस्ट इंडीजच्या क्लाइड वॉलकॉटची होती.

ग्रुप फोटो ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी नागपूरला रवाना झाला. त्या फोटोत पुढच्या रांगेच्या टोकाला, जमिनीवर मांडी घालून, काकूंचे वडील बसलेले आहेत आणि त्यांच्या मांडीवर कापडी पुठ्ठ्याचे एक स्कोअरबुक आहे.

सह्या खऱ्या की छापील

मला बोलावले गेले ते या टप्प्यावर. क्रिकेटच्या सह्यांच्या बाबतीत पहिला संशय छापील सहीचा घ्यावा लागतो. बॅटींवर, कार्यक्रमपत्रिकांवर, दौऱ्यांच्या स्मरणिकांवर हुबेहूब सह्या छापण्याची पद्धत फार जुनी आहे आणि हौशी माणूस सर्वाधिक फसतो तो तेथेच. या ऐवजातील दोन्ही बॅटी तशाच निघाल्या. काकूंच्या घरात पिढीभर ‘सहीच्या बॅटी’ म्हणून मानाने ठेवलेल्या त्या बॅटींवरील सही कारखान्यात उमटवलेली होती.

पानाची गोष्ट निराळी होती. दहापट भिंगाखाली रेघेची जाडी टाकाच्या दाबाप्रमाणे कमी-जास्त होत होती, रेघ जेथे रेघेला छेदते तेथे शाई गडद झाली होती आणि कागदाच्या तंतूंत किंचित पसरलीही होती. छपाईत हे होत नाही. अतिनील प्रकाशाच्या बॅटरीखाली कागद निळसर-पांढरा चमकला नाही, मंदच राहिला. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी चमकदार द्रव्ये साधारणपणे १९५० नंतर प्रचारात आली, त्यामुळे ही खूण काळाशी जुळत होती. अर्थात जुना कोरा कागद कोणालाही मिळू शकतो. एवढ्यावरून सही खरी ठरत नाही, फक्त खोटी ठरण्याचे एक कारण कमी होते.

खरी अडचण नावांत होती. जॉन गोडार्ड, एव्हर्टन वीक्स, वॉलकॉट, अॅलन रे, जेफ्री स्टोलमायर, जॉर्ज हेडली ही नावे १९४८-४९ च्या वेस्ट इंडीज संघाची. त्या संघाचा तो भारताचा पहिलाच दौरा, आणि वीक्सने दिल्ली, मुंबई आणि कोलकाता येथे शतकांमागून शतके काढली तो हाच दौरा. पण पानाच्या खालच्या उजव्या बाजूला फ्रँक वॉरेलचीही सही होती, आणि वॉरेल त्या दौऱ्यावर आलाच नव्हता. नक्कल करणारा माणूस नेमकी अशी चूक करतो. ‘तीन डब्ल्यू’, म्हणजे वीक्स, वॉलकॉट आणि वॉरेल, एकत्र असलेच पाहिजेत अशी त्याची समजूत असते. खरेदीदाराचा चेहरा तेव्हा पडला तो मला आठवतो.

मग भिंग पुन्हा त्या एका सहीवर नेले. बाकीच्या तेरा सह्यांची शाई काळाने तपकिरी झालेली होती; वॉरेलची निळी होती, टाकही वेगळा, जाड टोकाचा. ती सही इतरांच्या मधल्या जागेत नव्हती, सगळ्यांनी सह्या केल्यानंतर उरलेल्या कोपऱ्यात होती. वॉरेल भारतात आला तो पुढच्याच मोसमात, १९४९-५० मध्ये, कॉमनवेल्थ संघातून, आणि त्यानंतर पुन्हाही. म्हणजे एकाच ऑटोग्राफ बुकाच्या मालकाने वेस्ट इंडीजचे पान उघडून, राहिलेली एक सही नंतर मिळवली, हा उलगडा पानावरच लिहिलेला होता. ज्या सहीमुळे पान खोटे वाटले होते, त्याच सहीमुळे आता ते खरे वाटू लागले. ट्रंकेतील फेब्रुवारी १९४९ ची प्रवेशपत्रिकाही जोडीला होती. ३६१ धावांच्या पाठलागात भारत ८ बाद ३५५ वर थांबला आणि अवघ्या सहा धावा कमी पडल्या, तोच तो सामना. त्या प्रवेशपत्रिकेचा धारक ब्रेबॉर्नच्या पॅव्हिलियनपर्यंत पोचू शकत होता, हे त्यातून दिसत होते.

प्रश्न कुठे अडला

पानाच्या किमतीविषयी दोन जाणकारांना विचारले. त्यांच्या आकड्यांत तिपटीचा फरक होता, पण लहान आकडासुद्धा संपूर्ण ऐवजासाठी मोजलेल्या बेचाळीस हजारांहून मोठा होता. येथून खरेदीदाराची झोप उडाली. भागपत्रांविषयी त्याने दुसऱ्याच सकाळी फोन केला होता. पानाविषयी काकूंना फोन करायला त्याला सहा आठवडे लागले. दोन्ही वस्तू त्याच घरातून, त्याच पावतीखाली, विकणारीच्या नकळत आलेल्या होत्या. फरक एवढाच की भागपत्रांवर वडिलांचे नाव छापलेले होते आणि पानावर चौदा जणांची नावे असूनही वडिलांचे नव्हते.

ओळखीच्या एका वकिलांनी कायद्याची बाजू समजावली. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २० प्रमाणे दोन्ही पक्षांची महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयी चूक झाली असेल तर करार निरर्थक ठरतो, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात वस्तूच्या किमतीबद्दलचे चुकीचे मत ही वस्तुस्थितीविषयक चूक धरली जाणार नाही, असे म्हटले आहे. म्हणजे काकूंनी एखादी कार्यक्रमपत्रिका स्वस्तात विकली असती तर तक्रारीला जागा नव्हती. ‘पण,’ वकील म्हणाले, ‘त्यांनी पान स्वस्तात विकलं का, की पान विकलंच नाही?’ लिलावात घेतलेल्या मेजाच्या चोरखणात पैशांची थैली सापडल्याचा १८४१ मधील एक इंग्लिश खटला त्यांनी सांगितला. मेज विकले म्हणून आतली, कोणालाच ठाऊक नसलेली थैलीही आपोआप विकली गेली असे होत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. मात्र मेज आतल्या ऐवजासह विकल्याचे ठरले असेल तर गोष्ट बदलते. पावतीतील ‘सर्व सामान’ हे शब्द खरेदीदाराच्या बाजूचे होते. तरी ‘वाद झाला तर दोघेही आपापल्या परीने बरोबर ठरू शकाल, आणि ते सर्वांत महागात पडतं,’ असे वकिलांचे मत पडले.

स्कोअरबुकाचा पेच त्याहून सोपा आणि त्यामुळेच अधिक अप्रिय होता. वस्तूविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चे सार असे की विकणाऱ्याचा जेवढा हक्क, त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला सर्वसाधारणपणे मिळत नाही. स्कोअरबुकावर क्लबाचा शिक्का होता. ते वडिलांच्या घरी होते म्हणून वडिलांचे झाले नव्हते, आणि जे वडिलांचे नव्हते ते काकू विकू शकत नव्हत्या.

समोर असलेले पर्याय

काहीच न बोलणे हा पहिला पर्याय. संग्राहकांच्या वर्तुळात याला कोणी पाप मानत नाही. उक्त्यात घेणारा माणूस तोट्याचा धोकाही पत्करतो, छापील सह्यांच्या बॅटी गळ्यात पडल्या तर त्या परत करायला जात नाही, मग नफा तेवढा वाटून का घ्यावा, असा युक्तिवाद खरेदीदाराच्या दोन मित्रांनी केला. तो फेटाळण्यासारखा नाही. मला स्वतःला तो एका मर्यादेपर्यंत पटतो. अभ्यास करून ओळखलेल्या वस्तूचा नफा ओळखणाऱ्याचा आहे. पण हे पान खरेदीदाराने ओळखले नव्हते, काच तडकली होती म्हणून ते सापडले.

पान परत करणे हा दुसरा टोकाचा पर्याय. त्यातील धोका व्यावहारिक होता. काकू भाड्याच्या घरात, सामान खोक्यांत, आणि सांभाळण्याची माहिती कोणालाच नाही. अशा पानाचे पुढे काय होते ते आपण सर्व जाणतो : कोणीतरी मायेने ते लॅमिनेट करून आणते.

मधला मार्ग म्हणजे काकूंना सांगून वाढीव रक्कम देणे, किंवा पान विकले जाईल तेव्हा वाटा देणे. याच सुमारास, सप्टेंबरमध्ये, एका परिचितामार्फत इंग्लंडमधील संग्राहकाची मागणी आली आणि ती रक्कम कोणाचाही विचार पालटावा इतकी होती. येथे पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ आडवा आला. सर्वसाधारण वस्तूला पुरावशेष ठरायला शंभर वर्षे लागतात, पण ऐतिहासिक मूल्याच्या हस्तलिखिताला, नोंदीला किंवा दस्तऐवजाला पंचाहत्तर वर्षे पुरतात, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. स्कोअरबुकाने ही वयोमर्यादा केव्हाच ओलांडली होती. पानाची गंमत अशी की गोडार्डच्या संघाच्या सह्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली होती आणि वॉरेलच्या सहीला झालेली नव्हती. ऑटोग्राफचे पान या व्याख्येत बसते की नाही हे ठरवणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांचे काम, त्यासाठी रीतसर अर्ज करून पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र मागावे लागते. इंग्लंडच्या गृहस्थांना ते सांगताच, ‘पाकिटात घालून साध्या टपालाने पाठवा,’ असा निरोप आला. खरेदीदाराने तो व्यवहार तेथेच थांबवला. या संपूर्ण प्रकरणात त्याने सर्वांत कमी वेळात घेतलेला आणि सर्वांत बरोबर असा हा निर्णय होता, असे मी मानतो.

प्रत्यक्षात काय केले

सहा आठवड्यांनी खरेदीदार काकूंना भेटला तेव्हा त्या ठाण्याला भाड्याच्या घरात राहायला गेल्या होत्या. पानाचा रंगीत फोटो पाहून त्या बराच वेळ गप्प बसल्या, आणि मग त्यांनी जे सांगितले त्यातून पान तेथे कसे गेले याचा धागा मिळाला. धाकटा भाऊ लहानपणी दिसेल त्या कागदावर रंगीत खडू चालवत असे. बाबांचे ऑटोग्राफ बुक त्याने असेच खराब केले, तेव्हा बाबांनी एक पान फाडून ‘याच्या हाताला लागणार नाही अशा जागी’ ठेवल्याचे आई सांगत असे. ती जागा कोणती हे आईलाही माहीत नव्हते.

तो धाकटा भाऊ आता नाशिकला असतो, हे खरेदीदाराला तेव्हा प्रथम कळले. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. सूर चढा होता आणि तो तसा असण्यात फारसे गैर नव्हते. मृत्युपत्र नसल्याने वडिलांच्या वस्तूंवर भाऊ-बहिणींचा समान हक्क होता आणि विक्रीला त्याची संमती घेतलेली नव्हती. ‘सगळंच परत द्या, बेचाळीस हजार घेऊन जा,’ असे त्याचे म्हणणे. तोवर फोटो नागपूरला गेला होता, काही मासिकेही विकली गेली होती, त्यामुळे सगळेच परत देणे शक्य नव्हते. काकू मात्र भावाच्या बाजूने नव्हत्या आणि खरेदीदाराच्याही नव्हत्या. ‘मी शब्द देऊन विकलंय. पण पान निघालं ते तुम्ही लगेच का नाही सांगितलंत?’ एवढेच त्यांनी विचारले, आणि सहा आठवड्यांच्या विलंबाला खरेदीदाराकडे सांगण्याजोगे कारण नव्हते.

तीन बैठका झाल्या. शेवटी शंभराच्या मुद्रांकावर पुरवणी करार झाला. खरेदीदाराने आणखी पस्तीस हजार रुपये दोघा भावंडांना निम्मे-निम्मे द्यायचे, मूळ विक्रीला भावाने मान्यता द्यायची, पान पाच वर्षांच्या आत विकले गेल्यास विक्रीच्या रकमेतील चाळीस टक्के भावंडांना मिळायचे, आणि विक्रीपूर्वी तीच किंमत देऊन पान घेण्याची पहिली संधी त्यांना द्यायची. उरलेल्या सहा फ्रेमींविषयीही एक कलम घातले गेले : कोणतीही फ्रेम दोघांपैकी निदान एकाच्या उपस्थितीतच उघडायची.

स्कोअरबुकासाठी खरेदीदार क्लबाच्या कार्यवाहांना मैदानावर जाऊन भेटला. पुस्तक हातात घेऊन ते आनंदले, पण ठेवणार कोठे, हा प्रश्न त्यांनीच काढला. तंबूतल्या लोखंडी कपाटाची खालची फळी दाखवून ते म्हणाले की पावसाळ्यात इथवर ओल चढते आणि ऐंशीच्या दशकातली स्कोअरबुके त्यातच गेली. हक्काच्या मालकाकडे वस्तू परत जाणे आणि वस्तू टिकणे या दोन गोष्टी एकाच दिशेला नव्हत्या. कार्यकारिणीची सभा दोनदा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्यावर, चार महिन्यांनी, तोडगा निघाला. मालकी क्लबाची, ताबा विश्वासाने खरेदीदाराकडे, प्रत्येक पानाची डिजिटल प्रत क्लबाला, आणि क्लबाने मागितल्यास महिन्याभरात मूळ पुस्तक परत, असे पत्र झाले. खरेदीदाराने त्या पुस्तकाचे पैसे कोणाकडेही मागितले नाहीत.

निष्पत्ती

पैशांचा हिशेब असा : बेचाळीस अधिक पस्तीस, म्हणजे सत्त्याहत्तर हजार गुंतले, मासिके, कार्यक्रमपत्रिका आणि ग्रुप फोटो मिळून एकोणतीस हजार परत आले. पान आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आडवे, अंधारात ठेवले आहे. पुठ्ठ्याला चिकटलेला कोपरा पुठ्ठ्यासकट कापून त्याच पाकिटात जपला आहे. तो जोडण्याचे काम एखाद्या प्रशिक्षित कागद-संवर्धकाकडेच द्यावे, चिकटपट्टीला हातही लावू नये, असा माझा सल्ला होता आणि या वेळी तो ऐकला गेला. भाऊ-बहिणींत त्या पस्तीस हजारांवरून आलेला ताण मात्र करारात मावणारा नव्हता. तो अजून पुरता गेलेला नाही.

ग्रुप फोटो परत मिळाला नाही. नागपूरच्या संग्राहकाने तो रीतसर विकत घेतला होता, दुप्पट किमतीलाही त्याने नकार दिला आणि त्याचा तो हक्कच होता. त्याने मोठ्या आकाराची डिजिटल प्रत तेवढी पाठवली. फोटो, त्यामागे लपवलेले पान आणि फोटोतल्या माणसाच्या मांडीवर दिसणारे स्कोअरबुक, या तिघांनी एकमेकांची साक्ष दिली असती. आता ती साक्ष अशा प्रतीवरून द्यावी लागते, जिच्यात मूळ फोटोच्या मागचा पानाच्या आकाराचा फिकट डाग दिसत नाही.

वेगळे काय करता आले असते

विकत घेताना यादी केली असती तर काकू विचारात पडल्या असत्या ही खरेदीदाराची भीती खरी होती. पण विचारात पडल्या असत्या तर भावाचे नाव त्याच दुपारी निघाले असते. ‘वडिलांच्या मागे कोण कोण?’ हा प्रश्न आपल्याकडे ओळख करून घेतानाही सहज विचारला जातो. तो व्यवहारात विचारायला संकोच वाटला, हे मला अजून चमत्कारिक वाटते. पावतीत आणखी एक ओळ हवी होती : आत, मागे किंवा मध्ये काही निघाल्यास एका आठवड्याच्या आत कळवू, घरगुती कागद व पैसे असतील तर परत करू, आणि खेळाशी संबंधित वस्तू असेल तर या या प्रमाणात वाटून घेऊ. काही सापडण्यापूर्वी ही ओळ लिहायला दोन मिनिटे लागतात. सापडल्यावर तिला तीन बैठका आणि एक वकील लागला.

फ्रेमीविषयी माझे मत अधिक कडक आहे. जुनी फ्रेम उघडण्याआधी पुढून-मागून फोटो घ्यावेत, फ्रेमवाल्याची चिठ्ठी, खिळ्यांच्या जागा, मागचे वर्तमानपत्र आणि त्यावरची तारीख टिपून ठेवावी, आणि काही निघाले तर त्या क्षणी हात मागे घ्यावा. खळीने चिकटलेला कागद थोड्या ओलाव्याने सुटू शकतो, पण शाईला पाणी लागले तर सही जाते, म्हणून ते काम स्वतः करायचे नसते. आणि ज्या दिवशी फ्रेमीतून दुसरी वस्तू निघते त्या दिवशी पहिली वस्तू कुरियरला द्यायची नसते, मग ती आधी विकलेली का असेना. एक दिवस थांबण्याची विनंती नागपूरच्या गृहस्थांनी नक्की मान्य केली असती. त्यांनी ते स्वतः मला सांगितले.

सहा आठवड्यांच्या विलंबाबद्दल खरेदीदाराचे म्हणणे असे की सह्या खऱ्या आहेत की नाहीत हे कळल्याशिवाय काकूंना उगाच आशा लावणे त्याला योग्य वाटले नाही. हे अर्धे खरे आहे. सह्यांची तपासणी तिसऱ्या आठवड्यात संपली होती.

सध्याची स्थिती

सहापैकी तीन फ्रेमी आतापर्यंत उघडल्या आहेत, तिन्ही वेळा भाऊ नाशिकहून आला होता. दोहोंत काही नव्हते. तिसरीत पुठ्ठ्यामागे भर म्हणून घातलेले मराठी वर्तमानपत्र निघाले आणि त्याच्या समासात रंगीत खडूने काढलेला, चार चाकांचा, बहुधा ट्रामचा डबा. भावाने तो कागद मागून घेतला. करारात त्याविषयी काही नव्हते, आणि खरेदीदाराने पावतीही मागितली नाही. उरलेल्या तीन फ्रेमी दिवाळीनंतर उघडायच्या ठरल्या आहेत.